खेळ अडकतो कुठे?

आपली मुलं मोबाईलवर परगावच्या, परदेशातल्या मुलांशी खेळतात. इतक्यांचा हिशेब ठेवतं कोण?

लग्नाच्या भाकऱ्या एका चुलीवर होत नाहीत. आपण घरोघरी पीठ वाटून देतो. तसंच अनेक संगणक जोडून काम वाटून घेतात, त्याला ग्रिड म्हणतात.

आइसलँडच्या कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अवकाशातल्या लढाईचा खेळ २००३ पासून चालू आहे. त्यात हजारो सूर्यमाला. गर्दीच्या सूर्यमालेला स्वतंत्र संगणक, शांत असलेल्या अनेक मिळून एकाकडे.

पण सगळे एकाच सूर्यमालेत लढायला आले तर? कुणाचा वार आधी, हे एकाच ठिकाणी ठरावं लागतं. ते वाटता येत नाही. मग खेळातला वेळच सगळ्यांसाठी सारखा मंद करतात, अगदी दहाव्या हिश्शापर्यंत. जानेवारी २०१४ मध्ये साडेसात हजारांवर खेळाडूंची अशी लढाई सुमारे २१ तास चालली.

म्हणून आम्ही गटात सांगतो, खेळ अडकतो म्हणून मुलगा नवा फोन मागत असेल, तर कर्ज काढण्याआधी त्याच वेळी दुसऱ्या फोनवर तोच खेळ लावून बघा. तिथंही अडकला, तर दोष बहुधा फोनचा नसतो. रेंजचा नाहीतर कंपनीच्या संगणकांचा असतो.