नाळेतले रक्त कोणाच्या कामाचे?

बाळ जन्मले, रडले, नाळ कापली, की घरातल्या सगळ्यांचे लक्ष बाळाकडे जाते. मागून पडणाऱ्या वारेकडे पाहायला सवड कोणाला? खेड्यात ती पुरतात, इस्पितळात कचऱ्यात जाते. या वारेत आणि नाळेत बाळाचेच थोडे रक्त उरलेले असते, फार तर चहाचा कप भरेल एवढे. शिक्षकांच्या शिबिरांत या रक्ताविषयी बोललो की आम्हाला एक प्रश्न हमखास येतो : ते पैसे भरून बँकेत ठेवावे का? उत्तरापूर्वी थोडे मागे जाऊ.

आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी तयार होतात. लाल पेशी साधारण चार महिने जगते, काही पांढऱ्या पेशी एखाद्या दिवसातच संपतात. हा अखंड पुरवठा हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेतून होतो. तेथे मोजक्या मूलपेशी असतात. मूलपेशीपासून रक्तातील कोणत्याही प्रकारची पेशी घडू शकते, आणि शिवाय तिच्यासारखीच मूलपेशी शिल्लक राहते. दही संपवण्याआधी आपण विरजण बाजूला काढतो, तसेच काहीसे. टोरांटोच्या टिल आणि मॅककलॉक यांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून अशा पेशींचे अस्तित्व दाखवले.

ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, हा कारखाना बिघडतो. अर्धवट घडलेल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि बाकीच्यांना जागाच उरत नाही. लहान मुलांतील बहुतेक ल्युकेमिया आज औषधांनीच आटोक्यात येतो, हे आधी सांगायला हवे. पण रोग उलटला किंवा औषधांना दाद देईनासा झाला, तर तीव्र औषधे व कधी किरणोत्सार देऊन रुग्णाची मज्जा नष्ट करतात आणि दुसऱ्याच्या मूलपेशी शिरेतून सोडतात. शस्त्रक्रिया अशी नसतेच. रक्त चढवावे तसे पिशवीतून चढवतात, आणि त्या पेशी आपली वाट शोधत हाडांत जाऊन वस्ती करतात! पुढे रुग्णाचा रक्तगटही दात्याचा होतो. भावाच्या पेशी मिळालेल्या मुलीच्या रक्तपेशींत वाय गुणसूत्र सापडते. अस्थिमज्जा रोपणाचे हे तंत्र उभे करणाऱ्या डोनल थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अडचण येते ती जुळण्याची. पेशींवरील एचएलए नावाच्या प्रथिनांवरून शरीर आपले आणि परके ओळखते. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असल्याने सहसा एकगठ्ठा मुलांकडे येतात. फळ्यावर वडिलांचे गठ्ठे क आणि ख, आईचे ग आणि घ असे लिहून जोड्या लावा. चारच प्रकार होतात, म्हणून सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. कुटुंब लहान असेल तर बाहेरचा दाता शोधावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत रोग थांबत नाही.

येथे नाळेतील रक्त उपयोगी पडते. त्यात मूलपेशी भरपूर असतात, आणि त्यातील रोगप्रतिकारक पेशी अजून अननुभवी असतात. त्यामुळे सहापैकी चार खुणा जुळल्या तरी रोपण करता येते. मोठ्या माणसाच्या मज्जेबाबत एवढी सूट मिळत नाही. शिवाय हे रक्त उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनमध्ये आधीच तपासून ठेवलेले असते. दात्याला बोलावून आणणे नाही.

पहिले रोपण १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी केले. रुग्ण होता पाच वर्षांचा अमेरिकन मुलगा. त्याचा रोग कर्करोग नव्हता, मज्जा निकामी करणारा फॅन्कोनी अॅनिमिया होता. त्याच्या नवजात बहिणीचे नाळेतील रक्त गोठवून अमेरिकेतून पॅरिसला नेले गेले. मुलगा बरा झाला आणि प्रौढ झाला. १९९० च्या दशकाच्या आरंभी ल्युकेमियाच्या रुग्णांवर हा उपाय होऊ लागला, आणि न्यूयॉर्कला सार्वजनिक बँक उभी राहिली.

मर्यादा समजायला एक त्रैराशिक पुरे. रुग्णाच्या दर किलो वजनामागे किमान अडीच कोटी पेशी लागतात असे धरू. दहा किलोच्या बाळाला २५ कोटी, साठ किलोच्या माणसाला १५० कोटी. एका पिशवीत मात्र सुमारे १०० कोटी. मोठ्या माणसाला ती अपुरी पडते, म्हणून मिनेसोटातील डॉक्टरांनी दोन बाळांच्या पिशव्या एकत्र वापरून पाहिल्या. नव्या पेशी रुजायलाही तीन-चार आठवडे लागतात, मज्जेपेक्षा जास्त. तोवर साधा जंतुसंसर्गही जीवावर बेततो. निकोटिनामाइड वापरून या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याच्या पद्धतीला २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. दुसरीकडे, अर्धेच जुळणारे आईवडील दाते म्हणून चालतील असे औषधोपचार आता रुळले आहेत, त्यामुळे नाळेतील रक्ताचा वापर अलीकडे घटला आहे.

आता तो प्रश्न. स्वतःच्याच ल्युकेमियासाठी स्वतःचे रक्त ठेवणे निरुपयोगी ठरण्याचीच शक्यता अधिक. लंडनच्या मेल ग्रीव्हज् यांच्या गटाने १९९७ साली, पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांचे जन्मावेळी कागदावर टिपलेले रक्ताचे ठिपके तपासले. रोगाला कारण होणारा जनुकीय बिघड त्या ठिपक्यांतच सापडला! म्हणजे साठवलेल्या पिशवीतही तो असू शकतो. शिवाय परक्या पेशी उरल्यासुरल्या कर्करोगपेशींवर तुटून पडतात, आपल्या स्वतःच्या पडत नाहीत. जाहिरातीत याला जीवनविमा म्हणतात. आमच्या मते तो शब्द फसवा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, स्वतःसाठी हे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे म्हटले आहे. आणखी एक गोष्ट : नाळ मिनिटभर तरी थांबून कापली तर हेच रक्त बाळाला मिळते व त्याचा लोहसाठा वाढतो. आपल्याकडे रक्तक्षय किती आहे, ते शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

घरातल्या थोरल्या मुलाला रोपणाची गरज असलेला आजार असेल, तर मात्र गोष्ट निराळी. अशा घरी आई पुन्हा गरोदर असेल तर बाळंतपणाच्या काही आठवडे आधीच रक्तरोगतज्ज्ञाशी बोलून ठेवावे. नाळ कापल्यावर रक्त गोठण्यापूर्वी हातात असतात ती जेमतेम काही मिनिटे.