स्थळ, संहिता आणि यात्रिक

तीर्थयात्रेच्या वाङ्मयाकडे समीक्षकाची दृष्टी सहसा वळत नाही. भाविक त्यात श्रद्धा शोधतो, इतिहासकार पुरावा शोधतो. वाङ्मय म्हणून त्याचा विचार क्वचितच होतो. तथापि पॅलेस्टाइनच्या भूमीविषयी ख्रिस्ती यात्रिकांनी चौथ्या शतकापासून जे विपुल लेखन केले, त्याच्या मुळाशी समीक्षेचाच एक प्रश्न आहे. ग्रंथात वर्णिलेले स्थळ आणि यात्रिकाच्या पायांखाली येणारे स्थळ यांचा संबंध कोणता? स्थळ ग्रंथाला पुरावा पुरविते, की ग्रंथच स्थळाला जन्म देतो?

या लेखनप्रकाराचा उपलब्ध असलेला आद्य नमुना इ. स. ३३३ मधील आहे. आजच्या फ्रान्समधील बोर्दो येथून निघालेल्या एका अनामिक यात्रिकाने तो लिहिला. त्यात बहुतांशी घोडे बदलण्याची ठाणी, मुक्कामाच्या जागा आणि मधली अंतरे यांचीच नोंद आहे. यरुशलेमजवळ आल्यावर मात्र ही रुक्ष यादी बोलू लागते: अमुक घटना जेथे घडली ते स्थळ हे, तमुक जेथे बसले ते स्थळ हे. मराठी वाचकाला येथे महानुभावांच्या 'स्थानपोथी'ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. श्रीचक्रधरांच्या लीलांनी पावन झालेली स्थाने गाव, देऊळ, दिशा अशा खुणांनिशी सांगणारा तो ग्रंथ आणि हे रोमन यात्रावृत्त यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. परंतु दोघांची प्रेरणा एकच आहे. चरित्र ऐकून ज्याचे मन निवत नाही, त्याला चरित्राची भूमी हवी असते.

सुमारे ३८१ ते ३८४ या काळात यात्रा करणाऱ्या एगेरिया नावाच्या स्त्रीने ही प्रेरणा अधिक स्पष्टपणे प्रकट केली. तिच्या वृत्तांताचे हस्तलिखित १८८४ मध्ये इटलीतील आरेत्सो येथे सापडले. त्याचा आरंभ आणि शेवट दोन्ही नष्ट झाले आहेत. मायदेशातील भगिनींना उद्देशून ती लिहिते. प्रत्येक स्थळी पोहोचल्यावर तिचा क्रम ठरलेला आहे: प्रथम प्रार्थना, मग ग्रंथातील त्या स्थळाविषयीचा उतारा तेथेच उभे राहून वाचणे, मग स्तोत्र आणि पुन्हा प्रार्थना. तिचे डोळे निसर्गसौंदर्यासाठी थांबत नाहीत. उताऱ्याचे आणि जागेचे जुळणे हाच तिचा आनंद होय. तिच्या लॅटिनमधील पुनरुक्ती अभ्यासकांना दीर्घकाळ दोषास्पद वाटत आली. लिओ स्पिट्झर यांनी १९४९ च्या आपल्या निबंधात हीच शैली महाकाव्याच्या जातीची असल्याचे दाखविले, आणि एका यात्रावृत्ताला प्रथमच शैलीच्या कसोटीवर मान मिळाला.

म्हणजे यात्रा ही वाचनाचीच एक पद्धती ठरते. यात्रिक पायांनी वाचतो. पण वाचन म्हटले की पाठभेद आले, आणि येथेच प्रश्नाला धार येते. लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊस गावाची कथा आहे. येशूच्या मृत्यूनंतर दोन शिष्य यरुशलेमहून त्या गावी निघतात. वाटेत एक अनोळखी वाटसरू त्यांना भेटतो, आणि संध्याकाळी भाकर मोडली जात असता तो येशूच असल्याचे त्यांना कळते. हे गाव किती दूर? बहुतेक हस्तलिखिते साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, असे सांगतात. सिनाई येथे सापडलेल्या चौथ्या शतकातील सुप्रसिद्ध प्रतीत मात्र एकशे साठ, म्हणजे सुमारे ३० किलोमीटर, असा पाठ आहे.

या एका आकड्याने भूगोल बदलला. युसेबियस आणि जेरोम यांनी अम्माऊस म्हणून निकोपोलिस नगराचा निर्देश केला. ते थोरल्या आकड्याशी जुळते. बाराव्या शतकातील क्रूसयोद्ध्यांनी धाकट्या आकड्यावर भिस्त ठेवून आजच्या अबू घोश येथे चर्च उभारले. पुढे यात्रिकांचा ओघ कुबेबा या गावाकडे वळला. एका शब्दाच्या पाठभेदातून अनेक तीर्थे उभी राहिली. उलट बाजूही तितकीच विचारणीय आहे. शिष्य त्याच रात्री यरुशलेमला परतले असे कथा सांगते. एका दिवसात साठ किलोमीटरची चाल संभवनीय वाटत नाही. म्हणून निकोपोलिसची परंपरा रूढ झाल्यावर तिच्याशी जुळावे यासाठी कोणा लेखनिकाने आकडाच सुधारला असावा, असे काही पाठचिकित्सक मानतात. तसे असेल तर ग्रंथाने स्थळ घडविले एवढेच नव्हे, स्थळानेही ग्रंथ घडविला. पवित्र स्थळांची ही रचना समूहाच्या स्मृतीतून होते, असा सिद्धांत मोरिस आल्ब्वाक्स यांनी १९४१ मध्ये याच भूमीच्या आधारे मांडला.

तथापि संहिता आणि यात्रिक एवढ्या दोघांवर हा विचार संपत नाही. स्थळाची नावे टिकविली कोणी? एडवर्ड रॉबिन्सन यांनी १८३८ च्या प्रवासात आणि १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक महत्त्वाची गोष्ट दाखविली: बायबलमधील कितीतरी नावे अरबी बोलणाऱ्या खेडुतांच्या तोंडी थोड्याशा उच्चारभेदाने जिवंत होती. अम्माऊसचे इम्वास झाले होते, इतकेच. मठांनी आणि वाटाड्यांनी सांगितलेल्या परंपरेपेक्षा शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द रॉबिन्सन यांना अधिक विश्वसनीय वाटला. एगेरियाच्या काळीही यरुशलेममध्ये बिशपांचे ग्रीक प्रवचन सिरियाक भाषेत समजावून सांगावे लागे, कारण तेथील पुष्कळ लोकांची भाषा तीच होती. ही नोंद तिनेच केली आहे.

परंतु बहुतेक यात्रावृत्तांत हा माणूस दिसत नाही. मार्क ट्वेन यांनी १८६७ च्या प्रवासावरील आपल्या पुस्तकात सहप्रवाशांची थट्टा केली ती नेमकी याच वर्मावर बोट ठेवून: ते भूमी पाहत नाहीत, आधी वाचलेल्या पुस्तकांतील वाक्ये पाहतात. अर्थात ट्वेन यांच्याही उपहासात तेथील रहिवासी दारिद्र्याच्या चित्रापलीकडे फारसा जात नाही.

या विस्मृतीचे मोल किती आहे हे इम्वासनेच दाखविले. जून १९६७ च्या युद्धात ते गाव इस्राएली सैन्याच्या हाती पडले. रहिवाशांना घालवून देण्यात आले आणि यालो व बेत नुबा या शेजारच्या गावांसह त्याची घरे जमीनदोस्त करण्यात आली. पुढे त्या परिसरात उद्यान झाले. प्राचीन चर्चचे अवशेष मात्र राहिले, आणि यात्रिक अजूनही तेथे लूकचा अध्याय वाचतात. ग्रंथाला स्थळ आहे, स्थळाला यात्रिक आहेत. ज्यांच्या जिभेवर ते नाव शतकानुशतके नांदले, ते लोक तेवढे तेथे नाहीत.

यात्रावाङ्मयाची कसोटी म्हणूनच श्रद्धेच्या उत्कटतेवर किंवा वर्णनाच्या अचूकतेवर थांबवून चालणार नाही. संहिता आणि स्थळ यांच्या संवादात तेथील रहिवाशाला किती जागा मिळाली, हेही पाहिले पाहिजे. अम्माऊसच्या कथेतील शिष्य दिवसभर ज्याच्यासोबत चालले त्यालाच ओळखू शकले नाहीत. ग्रंथाचा अर्थ त्यांना वाटेत उलगडत होता, पण सांगणारा कोण हे मुक्कामी पोहोचेपर्यंत कळले नाही. त्या वाटेविषयी लिहिणाऱ्यांना ही कथा ठाऊक नव्हती असे नाही. ती स्वतःला लागू पडते, एवढे मात्र त्यांतील थोड्यांनाच सुचले.