तापीच्या मुखावरील पाला मासा

मध्यप्रदेशातील मुलताई येथे उगम पावणारी तापी नदी खानदेशातून वाहत जाऊन सुरत शहरापलीकडे डुमसजवळ अरबी समुद्रास मिळते. तिची लांबी ७२४ किलोमीटर असून तिच्या खोऱ्याचा सुमारे चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत पडणारा पाऊस अखेर सुरतेच्या खाडीत उतरतो. या पाण्याचा आणि तेथील मासेमारीचा फार जुना संबंध आहे. हा संबंध जेथे तुटला, तेथे एक मासा जवळजवळ नाहीसा झाला. तो मासा म्हणजे पाला.

पाला हा बंगालमध्ये इलिश, सिंधमध्ये पल्ला व गोदावरीच्या मुखाशी पुलसा या नावांनी प्रसिद्ध आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर त्यास पालवा व मोदर म्हणतात. रुपेरी अंगाचा, चरबीयुक्त व अतिशय काटेरी असा हा मासा खाणाऱ्याची परीक्षा पाहणारा आहे. परंतु ज्यास त्याची चव कळली तो काट्यांबद्दल तक्रार करीत नाही. नदीच्या मुखाशी धरलेल्या मादीच्या गाभोळीस विशेष मागणी असते. नर्मदेच्या मुखावरील पाला बर्फात घालून थेट हावड्याच्या बाजारात रवाना होतो, यावरून त्याच्या किमतीची कल्पना यावी.

पाल्याचे जीवनचक्र समजल्याखेरीज त्याच्या ऱ्हासाचे कारण कळणार नाही. हा मासा राहतो समुद्रात, पण अंडी घालतो नदीत. मृगाच्या पावसानंतर नद्यांना लाल, गढूळ पाणी येऊ लागले की मुखाजवळचे खारे पाणी निमखारे होते. हीच जणू त्याला मिळणारी वर्दी होय. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाबरोबर पाल्याचे थवे खाडीत शिरतात आणि प्रवाहाच्या विरुद्ध गोड्या पाण्याकडे चढू लागतात. या प्रवासात तो फारसे काही खात नाही. अंगातील चरबीच्या बळावर तो वाट कापतो. एक मादी तिच्या आकारमानाप्रमाणे लाखापासून वीस लाखांपर्यंत अंडी घालते. सुमारे एका दिवसात अंड्यांतून पिले बाहेर पडतात, काही महिने नदीत व खाडीत वाढतात, आणि बोटभर-वीतभर झाली की समुद्राकडे परततात. दोन-एक वर्षांनी तीच पिढी अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीकडे वळते.

ही माहिती आज सोपी वाटते. परंतु ती मिळविण्यासाठी बरेच श्रम पडले आहेत. सुरत व भडोच हे जिल्हे मुंबई राज्यात होते, त्या काळी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातील डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी नर्मदेतील पाल्याचा अभ्यास केला. त्याची अंडी घालण्याची सवय, अंडी व पिलांची आरंभीची वाढ यांविषयीचा त्यांचा निबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. एका मराठी शास्त्रज्ञाचे हे काम पुढील संशोधनास पायाभूत ठरले, याची आठवण आपल्याकडे फारशी ठेवली जात नाही.

या निबंधानंतर चारच वर्षांनी, १९५४ मध्ये, तापीवर काकरापारचा बंधारा पूर्ण झाला. त्याची उंची सुमारे १४ मीटर आहे. पुढे त्याच्या वरच्या अंगास उकाईचे प्रचंड धरण १९७२ मध्ये उभे राहिले. खुद्द सुरत शहरात सिंगणपूर येथे १९९५ मध्ये आणखी एक बंधारा घालण्यात आला. शहरास पिण्याचे गोडे पाणी मिळावे व भरतीचे खारे पाणी वर चढू नये, हा त्याचा हेतू. नदीच्या वरच्या अंगासही, जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणापासून नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा व सारंगखेडा येथील बंधाऱ्यांपर्यंत, पाणी अडविण्याची कामे झाली आहेत.

ही कामे निरर्थक होती असे कोणीही म्हणणार नाही. दक्षिण गुजरातेतील ऊस व भात उकाई-काकरापारच्या पाण्यावर उभा आहे. सुरतेला १९६८ साली महापुराने ग्रासले होते, आणि उकाई झाल्यावरही ऑगस्ट २००६ मध्ये शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. धरण नसते तर नदी कशी वागली असती याची कल्पनाच केलेली बरी. मात्र धरण बांधताना पिकांचा, विजेचा व पुराचा जमाखर्च मांडला गेला, माशांचा मांडला गेला नाही. पाल्याच्या दृष्टीने हिशेब अगदी निराळा होता.

धरणाने पाल्यावर दोन प्रकारे घाला घातला. पहिला प्रकार डोळ्यांना दिसतो: वाट बंद झाली. दुसरा सहसा लक्षात येत नाही, आणि तोच अधिक घातक आहे. जून-जुलैचे पहिले पाणी रिकाम्या जलाशयात साठविले जाते. त्यामुळे ज्या दिवसांत खाडीचे पाणी गढूळ व गोडसर व्हावे त्याच दिवसांत ते खारट राहते. वर्दीच न मिळाल्याने थवे मुखाशी घोटाळतात किंवा अन्यत्र जातात. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात जलाशय भरल्यावर दारे उघडून एकदम मोठा लोंढा सोडला जातो. अशा लोंढ्याने अंडी व पिले वाहून जाण्याचीच शक्यता अधिक.

येथे कोणी विचारील की, परदेशांत धरणांवर माशांसाठी पायऱ्या बांधतात, तशा येथे का बांधू नयेत? प्रश्न रास्त आहे, पण पाल्याला ते साधत नाही. युरोप-अमेरिकेतील सामन मासा उडी मारून पायरी चढतो. पाला पोहणारा आहे, उड्या मारणारा नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मद्रास प्रांतात कोल्लिडम नदीवरील बंधाऱ्याला असा मार्ग ठेवून पाहण्यात आला. पाला तो चढला नाही. त्याच कावेरीच्या खोऱ्यात १९३४ मध्ये मेट्टूर धरण झाल्यावर तेथील पाल्याची मासेमारी ओसरली. गंगेत तर पाला अलाहाबादपर्यंत व त्याहीवर जात असे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यावर वरच्या गंगेतील त्याचे येणे जवळजवळ थांबले. सिंधमध्ये झुलेलाल ज्या पल्ल्यावर आरूढ असल्याचे चित्रांत दाखवितात, तोच हा मासा; सिंधूवर १९५५ मध्ये कोटरीचा बंधारा झाल्यानंतर तेथेही त्याची वाट खुंटली. तापीचे उदाहरण एकाकी नाही, ते या मालिकेतील एक आहे.

तथापि सगळा दोष धरणांवर टाकणे सोयीचे असले तरी खरे नाही. सुरतेच्या खाडीस शहराचे सांडपाणी व कापड रंगविण्याच्या उद्योगांचे पाणी मिळते. हजिऱ्याच्या बाजूस १९८० नंतर मोठी औद्योगिक वसाहत व पुढे बंदरे झाली, आणि जहाजांसाठी गाळ उपसणे ओघानेच आले. पिले जेथे वाढतात तोच हा पट्टा. त्यातच बारीक आसाची जाळी! खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीच्या प्रवाहात ताणून बांधलेल्या डोल जाळ्याच्या टोकाशी आस इतका लहान असतो की, समुद्राकडे परतणारी पाल्याची पिले जवळा-कोळंबीबरोबर सहज अडकतात. ती विकली जातात चिल्लर मासळी म्हणून, बहुधा वाळवून. जे पिलू दोन वर्षांनी किलोभर वजनाचे होऊन शेकड्यांनी रुपये देणार, ते मूठभर पैशांत जाते. बऱ्याच वेळा धरणाऱ्यालाही ती पाल्याची पिले आहेत हे ठाऊक नसते. भिंग व अन्य लहान मासे त्यांच्यासारखेच दिसतात.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारीबंदी असते, मग पाल्याला संरक्षण कसे नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ही बंदी समुद्रातील यांत्रिक नौकांसाठी आहे. यंत्राशिवाय चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना तीतून सूट मिळते. गरीब कोळ्याच्या पोटाचा विचार करता ती सूट योग्यच आहे. परंतु पाला नेमका पावसाळ्यात, नेमका नदीच्या मुखाशी व नेमका होडीच्या टप्प्यात येतो. म्हणजे जी बंदी इतर माशांना विणीच्या काळात विसावा देते, ती या माशाच्या फारशी उपयोगाची नाही.

अतिमासेमारीने एखादा मासा किती झपाट्याने संपतो याचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरील कॉड माशाचे आहे. पाचशे वर्षे तेथे कॉड इतका विपुल होता की तो संपेल ही कल्पनाच कोणास शिवत नसे. १९६८ साली सुमारे आठ लाख टन कॉड धरला गेला. त्यानंतर पीक घटत गेले व २ जुलै १९९२ रोजी शासनाला मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. ती उठून मर्यादित प्रमाणात व्यापारी मासेमारी सुरू होण्यास २०२४ साल उजाडले. तेथे नदी अडली नव्हती, धरण नव्हते. केवळ जाळे पुरेसे ठरले.

याच्या उलट अनुभव बांगलादेशाचा आहे. तेथे २००२-०३ च्या सुमारास पाल्याचे उत्पादन दोन लाख टनांपर्यंत उतरले होते. त्या शासनाने पिलांच्या मासेमारीवर बंदी घातली, नदीमुखांतील ठराविक पट्टे राखीव केले आणि ऑक्टोबरमधील अंडी घालण्याच्या काळात काही दिवस मासेमारी सर्वस्वी थांबविली. हे दिवस पुढे वाढवून २२ करण्यात आले. बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबांना तांदूळ देण्याची व्यवस्था केली, हा त्यातील महत्त्वाचा भाग. उपाशी माणसाने कायदा पाळावा अशी अपेक्षा तेथे ठेवली नाही. २०१७-१८ पर्यंत उत्पादन पाच लाख टनांच्या वर गेले. अलीकडे त्यात पुन्हा थोडी घट दिसते, तरी आरंभीच्या स्थितीशी तुलना होऊ शकत नाही. मात्र तेथे मेघनेसारखी अफाट, मोकळी नदी आहे. तापीत ती सोय नाही, हे विसरून नुसती नक्कल करता येणार नाही.

तापीच्या शेजारची नर्मदा या बाबतीत अजून पूर्णपणे हातची गेलेली नाही. भडोचजवळील भाडभूत हे गाव पावसाळ्यातील पाल्याच्या मासेमारीसाठी प्रसिद्ध आहे. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाल्यानंतर खालच्या नर्मदेत उन्हाळ्यात खारे पाणी आत चढू लागल्याची तक्रार मोठ्या प्रमाणावर झाली, आणि त्यावर उपाय म्हणून भाडभूत येथेच बंधारा घालण्याचे काम हाती घेण्यात आले. त्याचे भूमिपूजन ऑक्टोबर २०१७ मध्ये झाले. खाऱ्या पाण्यापासून शेती व पिण्याचे पाणी वाचेल हे खरे; परंतु समुद्र व नदी यांच्यामधील दार जेथे बसणार, तीच पाल्याची वाट आहे. मच्छीमारांनी त्यास विरोध केला तो यामुळेच. पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत उधाणाच्या वेळी ही दारे उघडी राहतील काय, यावर तेथील पाल्याचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून आहे.

तापीवर जे करता येण्याजोगे आहे त्यात दारांचे वेळापत्रक प्रथम येते. पहिल्या पुराच्या काळात ठरलेल्या उधाणांना जुळवून थोडे पाणी खाली सोडणे हे जलाशयाच्या साठ्यास फारसे जड जाऊ नये. यासाठी पाटबंधारे व मत्स्यव्यवसाय या दोन खात्यांनी जूनपूर्वी एकत्र बसावे लागेल; आजवर ही दोन खाती एकाच नदीकडे दोन निरनिराळ्या खिडक्यांतून पाहत आली आहेत. त्याच्या जोडीला खाडीतील जाळ्यांचा आस वाढविणे व पिले परतण्याच्या काळात मुखाजवळचा पट्टा मोकळा ठेवणे हे उपाय मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना विश्वासात घेऊनच होऊ शकतील.

एक आश्चर्याची गोष्ट नमूद करावयास हवी. समुद्राची वाट बंद झालेल्या उकाईच्या जलाशयातही पाला सापडल्याची नोंद मत्स्यशास्त्रज्ञांनी केली आहे. याचा अर्थ काही मासे वरच अडकून, गोड्या पाण्यातच आयुष्य काढून, तेथेच वाढत असावेत. समुद्रातील पाल्याची उणीव त्यामुळे भरून निघणार नाही, तरी बीज राखण्याच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे. या जलाशयाचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात पसरलेला असून तेथील अनेक कुटुंबे रोहू, कटला व मृगळ धरून उदरनिर्वाह करतात. त्यांच्या जाळ्यात रुपेरी, चपटा, पोटाची कड करवतीसारखी दातेरी असलेला मासा आल्यास त्याची लांबी, वजन, दिनांक व ठिकाण टिपून सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या जिल्हा कार्यालयास कळवावे. गावच्या शिक्षकांनी ही नोंद लिहून देण्यास मदत केल्यास ती अधिक नेमकी होईल.