स्वस्त मालमोटार कोणाला महाग पडली?



जालन्याच्या मोंढ्यात उभी असलेली मालमोटार आपण रोज पाहतो. माल उतरला, बिल्टीवर सही झाली, की आपला तिच्याशी संबंध संपतो. परंतु ज्या गावाला बंदर नाही, जलमार्ग नाही, आणि ज्याचा व्यापार कापूस, बियाणे, मोसंबी व लोखंड यांवर चालतो, त्या गावाचे भाग्य या वाहनाशी फार जवळून बांधलेले असते. गेल्या सत्तर वर्षांत आपल्याकडे जी स्वस्त मालमोटार रुळली, ती स्वस्त कशामुळे होती आणि त्या स्वस्ताईची किंमत अखेर कोणी मोजली, एवढाच प्रश्न आज घ्यावयाचा आहे.

आधी रेल्वेचा विचार करू. निजामाच्या राजवटीत मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग झाला आणि जालना त्यावर आले; जिनिंगचे कारखाने वाढले त्यास या मार्गाचा मोठा हातभार लागला. परंतु हा मार्ग मीटर गेजचा, म्हणजे अरुंद होता, आणि मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग रुंद. त्यामुळे जालन्याहून निघालेली कापसाची गाठ मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. हमाली दोनदा, खोळंबा दोनदा, आणि गाठ फुटण्याची भीतीही दोनदा. हा मार्ग रुंद होण्यास विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडले. तोपर्यंत, जो कोणी माल मोंढ्यात भरून थेट मुंबईच्या गोदामात उतरवील, त्याला गिऱ्हाईक मिळणारच होते.

ते काम मालमोटारीने पत्करले. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या फोर्ड व शेव्हरोले गाड्या देशभर विकल्या गेल्या आणि अनेकांचा धंदा त्यांवरच सुरू झाला. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्याच्या डॉज व फार्गो, मद्रासकडच्या अशोक लेलँडची कॉमेट, आणि १९५४ साली जमशेदपूरहून निघालेली टाटा-मर्सिडीज-बेंझ या गाड्या आल्या. जर्मन कंपनीशी झालेला हा करार १५ वर्षे चालला. १९६९ नंतर गाडीच्या तोंडावर केवळ टाटांची खूण राहिली. १२१०, १६१२, १६१३ हे आकडे पुढे ड्रायव्हरांच्या तोंडी मित्रांच्या नावांसारखे बसले. त्यांचा अर्थ सोपा आहे. पहिले दोन अंक म्हणजे मालासह गाडीचे वजन किती टन. पुढच्या दोनांना दहाने गुणले की साधारण अश्वशक्ती.

या गाड्या स्वस्त पडत, त्याची तीन कारणे सांगता येतील. पहिले कारण डिझेल. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेटते. या जास्त दाबामुळे तेवढ्याच तेलात अधिक मैल निघतात. शिवाय सरकारी धोरणामुळे डिझेल कित्येक वर्षे पेट्रोलहून बरेच स्वस्त होते. दुसरे कारण असे की गाडी पुरी विकत घ्यावी लागत नसे. कारखाना चासी देई, आणि हौदा, फाळका, लाकडी केबिन हे सारे गावचे सुतार-लोहार बांधून देत. तिसरे कारण तिचा साधेपणा. पाटे, क्राऊन, क्लच यांपैकी काय बिघडले हे रस्त्याकाठचा मिस्त्री आवाजावरून ओळखी, आणि सुटा भाग आडगावीही मिळे.

येथे कोणी विचारील की, अमेरिकेत तर ओढणारी गाडी वेगळी आणि मालाचा लांबलचक डबा वेगळा असतो. तशी व्यवस्था आपल्याकडे का रुळली नाही? त्या डब्याला पुढची चाके नसतात. त्याचे पुढचे टोक ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर टेकलेले असते, म्हणून तो अर्धा डबा. आपले ड्रायव्हर या ओढणाऱ्या गाडीला ‘घोडा’ म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. अनेक धुरांवर भार वाटला जात असल्याने असा एक घोडा व एक ड्रायव्हर दोन-तीन मालमोटारींचे काम करतो. परंतु त्याला भांडवल मोठे लागते, वळायला जागा लागते, आणि एका ठिकाणाहून एकदम भरपूर माल मिळावा लागतो. आपले रस्ते अरुंद, मोंढ्याच्या गल्ल्या त्याहून अरुंद, आणि मालक बहुधा एका गाडीचा. १९६९ च्या जुलैत बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर अशा लहान वाहतूकदारांना कर्ज मिळू लागले. १९७५ पासून राष्ट्रीय परवाना आला. कालचा क्लीनर आज ड्रायव्हर, आणि उद्या हप्त्याच्या गाडीचा मालक होऊ लागला. ही फार मोठी गोष्ट घडली. जमीन नसलेल्या कित्येक माणसांना स्वतःचे म्हणण्यासारखे काही पहिल्यांदा मिळाले ते या गाडीच्या रूपाने.

मात्र गोष्ट येथेच संपत नाही. एका गाडीचे मालक पुष्कळ झाले की ते एकमेकांचे भाडे पाडतात. हप्ता, डिझेल, टायर व पगार हे ठरलेल्या वजनाच्या भाड्यातच संपून जात. हाती काही उरावयाचे तर ते वरच्या टनांतून. आणि येथे जालन्याच्या मालाचा स्वभाव आडवा आला.

कापसाची एक गाठ १७० किलोची. दोन धुरांच्या गाडीची कायदेशीर मर्यादा पुष्कळ वर्षे १६.२ टन होती : पुढच्या धुरीवर ६ आणि मागच्या धुरीवर १०.२. गाडीचे स्वतःचे वजन वजा केले तर नऊ-दहा टन माल बसतो, म्हणजे पन्नास-पंचावन्न गाठी. एवढ्यात हौदा गच्च दिसतो. आता त्याच हौद्यात आपल्या कारखान्यांतली सळई भरा. एक घनमीटर लोखंड पावणेआठ टनांहून जड असते. नऊ टन सळई हौद्याच्या तळावर सारखी पसरली तर तिचा थर वीतभरही होत नाही! पाहणाऱ्याला गाडी रिकामी वाटते. व्यापारी म्हणतो, ‘अजून पुष्कळ जागा आहे’. आणि मालकाला पुढचा हप्ता दिसतो. कायद्याने भरलेली गाडी डोळ्यांना रिकामी दिसावी, यातच जादा भाराचे मूळ आहे.

हा जादा भार रस्ता कसा सोसतो? अमेरिकेत इलिनॉय प्रांतात १९५८ ते १९६० या काळात रस्ते मुद्दाम बांधून त्यांवर गाड्या फिरविण्यात आल्या. त्यातून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याची झीज धुरीवरील भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट नव्हे, सोळा पट. नुसता दीडपट झाला तरी सुमारे पाच पट. म्हणजे मागच्या धुरीवर १०.२ ऐवजी १५.३ टन टाकून गेलेली एक गाडी पाच गाड्यांइतका रस्ता खाते. मालकाला निम्म्या भाराचे जादा भाडे मिळते, आणि खड्ड्यांचा खर्च आपणा सर्वांच्या करांतून जातो.

पण रस्ता बोलत नाही, माणसाचे काय? नाशिकमार्गे मुंबईला जाताना कसाऱ्याचा घाट उतरावा लागतो. उतारावर गाडीचा वेग आवरणे म्हणजे तिच्या वजनातून निर्माण होणारी सारी शक्ती ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता करून जिरविणे. वजन दीडपट तर उष्णताही दीडपट. ड्रम तापून फुगला की ब्रेकचे अस्तर त्याला नीट धरीत नाही, आणि दाबलेला पाय पोकळीत जातो. खालच्या गिअरमध्ये इंजिनाकडून वेग आवरणे हाच त्यावर उपाय. परंतु डिझेल वाचविण्याच्या नादात गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, की तो आधारही जातो. शिवाय या गाड्यांत इंजिनाचा निम्मा भाग केबिनमध्ये शिरलेला असल्याने मराठवाड्याच्या वैशाखात ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याशी अक्षरशः शेगडी असे. स्वस्त गाडीची उरलेली किंमत मोजली ती या माणसाने, आपल्या झोपेतून, कमरेतून आणि प्रसंगी प्राणातून.

आता परिस्थिती बदलली आहे. १९८९ साली न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर कंटेनर आले आणि त्यांच्यामागून घोडे आले. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जादा भाराला दंड आकारून पुढे जाऊ देण्याच्या पद्धतीस मनाई केली. २०१८ मध्ये दोन धुरांच्या गाडीची मर्यादा १८.५ टन झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले. जालन्यावरून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला.

परंतु कायदा आणि रस्ता यांनी सारे साधत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे. आणि तो केवळ गाडी चालविणाऱ्यालाच नव्हे, तशी चालवावयास लावणाऱ्यालाही लागू आहे. हे शब्द आपल्यापैकी जे माल पाठवितात त्यांनी विशेष ध्यानात घ्यावेत. भाडे ठरविताना आपण टनाला किती रुपये एवढेच विचारतो. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा : एवढ्या भाड्यात हा माणूस कायद्याइतकाच माल भरून हप्ता फेडू शकेल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते भाडे स्वस्त नव्हे. त्याचा उरलेला भाग घाटातल्या एखाद्या वळणावर दुसरा कोणीतरी भरणार आहे.