कापसाचे जोडे, घट्ट बूट

गेल्या दिवाळीत ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. माझ्या मावशीचे सासर तिकडचे, शिंदे सरकारच्या चाकरीत पिढ्या गेलेल्या मराठी घरांपैकी एक. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे किल्ला पाहायचाच होता. पण उरवाई दरवाजाच्या चढावर, कड्यात कोरलेल्या भव्य जैन मूर्तींपुढे आमचे चिरंजीव खाली बसले आणि बूट काढला. अंगठ्याचे नख काळेनिळे, अंगठा शेजारच्या बोटाकडे कललेला, मुळाशी हाडाची गाठ. सौभाग्यवती घरात कानडीच बोलतात. त्या एकदम म्हणाल्या, "अय्यो, इवन काल नोड्री!"

पाच वर्षे हा मुलगा बदामीच्या तांबड्या कड्यांवर चढतो आहे. त्या खेळाचे रबरी तळव्याचे बूट मुद्दाम लहान घेतात. बोटे आखडून एकत्र दाबली की नखाएवढ्या कंगोऱ्यावरही सारा भार पेलता येतो. "सगळेच असे घालतात, बाबा." पाय नऊ नंबरचा, बूट सातचा! आणि ते घेऊन दिले मीच. दुकानात पाऊल आत जाईना, तेव्हा हसलोही होतो.

३ ऑगस्ट १७८० च्या रात्री इंग्रजांच्या पॉपमने हाच किल्ला महादजी शिंद्यांच्या लोकांकडून घेतला. शिड्या लावून शिपाई कडा चढले. पाय घसरू नये, आवाज होऊ नये म्हणून त्यांच्या पायात कापूस भरलेले जोडे होते. (महादजींनी १७८३ मध्ये किल्ला परत मिळवला, हेही सांगायला हवे.) इतकी वर्षे हा प्रसंग शिकवतो, पण त्या शिपायांच्या पायांचा विचार त्या दिवशी प्रथमच मनात आला. त्यांना ते जोडे एका रात्रीपुरते हवे होते. आमचा मुलगा दर सुट्टीला तासन्‌तास पाय आवळून घेतो.

परत आल्यावर हाडांच्या डॉक्टरांना दाखवले. अंगठ्याच्या मुळाचा सांधा वर्षानुवर्षे दाबला गेला की अंगठा कलतो, सांध्यातली कूर्चा झिजते, मग तो ताठर होऊन साधे चालतानाही दुखतो. बोटांच्या पेरांवर घट्टे पडतात, नखाखाली रक्त साकळते. एकदा वाकलेले हाड आपोआप सरळ होत नाही, फार त्रास झाला तर शस्त्रक्रियाच. मुलाला त्यांनी हा खेळ सोडायला सांगितले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. सरावाला सैल बूट वापर, घट्ट जोड अवघड चढाईपुरताच, खाली उतरलास की लगेच काढ, नखे सरळ काप, एवढेच सांगितले. मात्र वाढत्या वयाच्या मुलांच्या पायात असे बूट मुळीच नकोत, हे त्यांनी दोनदा बजावले. आमच्या चिरंजीवांनी सुरुवात केली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते.

आता बदामीला जाताना पिशवीत दोन जोड असतात. काळे नख गळून नवे येते आहे. पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागते म्हणे. सध्या अर्धे आले आहे.