स्कोन, साय आणि सरदारीणबाईंची दंतकथा

चहासोबत खायच्या स्कोन या छोट्या पावात लोणी नाही म्हणून अख्खा देश वर्तमानपत्रांतून भांडू शकतो, हे २०२४च्या एप्रिलमध्ये इंग्लंडने दाखवून दिलं. जुने वाडे आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या उपाहारगृहांत स्कोन लोण्याऐवजी वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ घालून करतात, यावरून परंपरा बुडाल्याची हाकाटी झाली. ही कृती कित्येक वर्षं चालू आहे आणि दुधाचं न चालणाऱ्यांनाही स्कोन खाता यावेत हा तिचा हेतू आहे, असं ट्रस्टने सांगितलं. ते कोणी ऐकलं नाही.

पण दुपारच्या चहाच्या ज्या परंपरेसाठी एवढे गळे काढले गेले, तिचं वय तरी किती? पुस्तकांत आणि सहल कंपन्यांच्या पत्रकांत एकच गोष्ट सापडते: १८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना मारिया यांना जेवणाआधी भूक लागायची, म्हणून त्यांनी दुपारी चहा आणि खाणं मागवायला सुरुवात केली. बाई खऱ्या, त्यांची भूकही खरी असेल. मात्र चहा-स्कोन मिळणाऱ्या खेड्यातल्या टी रूमशी या सरदारीणबाईंचा संबंध फार लांबचा. टी रूम उभी राहिली ती कारखाने, रेल्वे आणि साम्राज्य यांच्या जिवावर.

बर्ड नावाच्या रसायनज्ञाची बेकिंग पावडर १८४३ची. झटपट फुगणारा आजचा स्कोन तिच्याच कृपेने. आसामचा चहा १८३९ मध्ये लंडनच्या लिलावात पहिल्यांदा आला आणि १८८८ मध्ये ब्रिटनला जाणाऱ्या भारतीय चहाने चिनी चहाला मागे टाकलं. साखरेवरचा कर १८७४ मध्ये उठला आणि जॅम गरिबाच्या घरात पोचला. टेमर नदीवरचा रेल्वेपूल १८५९ मध्ये खुला झाला, तेव्हा हौशी प्रवासी थेट नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉल काउंटीत उतरू लागले. शेजारच्या डेव्हन काउंटीतल्या टॅव्हिस्टॉकच्या मठातले भिक्षू हजार वर्षांपूर्वी पाव, साय आणि जॅम वाढत होते, असा दावा तिथे हौसेने करतात. पाव आणि साय मान्य. आजच्यासारखा साखरेचा स्ट्रॉबेरी जॅम त्या काळात आणणार कुठून?

मग आले सायकलवाले. सायकलस्वारांचा क्लब १८७८ मध्ये स्थापन झाला आणि रविवारी शहरातली तरणी पोरं गावोगाव फिरू लागली. थकलेल्या पाहुण्याला किटलीभर चहा आणि घरचं बेकिंग देऊन चार पैसे कमवावेत, हे शेतकरी कुटुंबांतल्या बायकांना सुचलं. भांडवल म्हणजे स्वतःचं स्वयंपाकघर, दुकान म्हणजे पुढची खोली. टी रूमचं खरं श्रेय मी या बायकांना देईन.

केंब्रिजजवळच्या ग्रँटचेस्टर गावातलं ऑर्चर्ड हे यातलं सर्वांत देखणं उदाहरण. १८६८ मध्ये लावलेल्या फळबागेत झाडांखाली चहा मिळेल का, असं १८९७ मध्ये विद्यार्थ्यांनी मालकीणबाईंना विचारलं आणि तो पायंडाच पडला. पुढे कवी रूपर्ट ब्रुक तिथे भाड्याने राहिले. लेखिका व्हर्जिनिया वूल्फ, अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्यासारखी मंडळी येऊन बसू लागली. त्याच १८९७ साली आपले गणितज्ञ रँग्लर परांजपे केंब्रिजमध्येच शिकत होते. ते त्या झाडांखाली बसले की नाही, हे कोणी शोधून काढलं तर मला वाचायला आवडेल.

आता सायीबद्दल. क्लॉटेड क्रीम म्हणजे पसरट भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास तापवून निववलेलं दाट क्रीम. वर जाडसर पिवळी साय धरते, ती चमच्याने सलग उचलता येते. आपल्या आजीच्या पातेल्यातलीच, फक्त दुप्पट श्रीमंत! 'कॉर्निश' हे नाव लावायचं तर त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश हवा. १९९८ मध्ये त्याला युरोपात भौगोलिक संरक्षण मिळालं. डेव्हनमध्ये आधी साय, वर जॅम. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, वर साय. मार्च २०१८ मध्ये कॉर्नवॉलमधल्या, नॅशनल ट्रस्टच्या लॅनहायड्रॉक वाड्याच्या जाहिरातीत हा क्रम उलटा दिसला, तेव्हा लोकांनी सदस्यत्व सोडण्याच्या धमक्या दिल्या आणि ट्रस्टला माफी मागावी लागली. विनोद असा की कॉर्नवॉलच्या घरांत पूर्वी स्कोन नव्हेच, यीस्टने फुगवलेला 'स्प्लिट' नावाचा मऊ पाव असायचा.

या साऱ्या गदारोळात मला भावतात त्या सेरा मर्कर. नवऱ्यासोबत त्या ट्रस्टच्या सदस्य झाल्या आणि २०१३ मध्ये त्यांनी ठरवलं, ट्रस्टच्या ज्या ज्या ठिकाणी स्कोन मिळतो तिथे तिथे जाऊन तो खायचा. प्रत्येकाला गुण दिले, ठिकाणाची माहिती लिहिली. अर्ध्या वाटेत, २०१८ मध्ये, नवरा कर्करोगाने गेला. त्यांनी यादी सोडली नाही. मार्च २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला २४४वा स्कोन खाऊन त्या थांबल्या. परंपरा जपणं म्हणतात ते हे. लोण्यावरून अग्रलेख लिहिणं नव्हे.

इंग्लंडला जाणाऱ्यांनी म्हणून एवढं करावं. लंडनच्या पंचतारांकित हॉटेलातली तीन मजली तबकं सोडून द्यावीत, बस पकडून एखादं गाव गाठावं आणि 'क्रीम टी' मागवावा: किटलीभर चहा, स्कोन, जॅम, साय, बस्स. दुपारी लवकर जावं, कारण बऱ्याच टी रूम पाचच्या आसपास बंद होतात आणि स्कोन सकाळचाच असेल तर चार वाजता कोरडा लागतो. अंडं न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. अनेक कृतींत ते असतं. आणि आधी जॅम की साय, या वादात बाहेरच्यांनी पडू नये. ज्या काउंटीत बसलात, तिथला क्रम पाळावा.