नवलकोलचा पाला फेकू नका

पवनानगर परिसरात भात निघाल्यावर ज्यांच्याजवळ पाण्याची सोय आहे, त्यांना नवलकोल हे थंडीतले सोयीचे पीक आहे. रोप लावल्यापासून दीड-दोन महिन्यांत गड्डा तयार होतो. कामशेत व पिंपरीचा बाजारही जवळ. परंतु गड्डा विकायचा आणि पाला मोडून टाकायचा, ही रीत तोट्याची आहे.

100 ग्रॅम कच्च्या गड्ड्यात सुमारे 60 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, साडेतीन ग्रॅम तंतू व 350 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. उष्मांक मात्र फक्त 27. डोळ्यांना उपयुक्त कॅरोटिन आणि हाडांना लागणारे कॅल्शियम पाल्यात गड्ड्यापेक्षा जास्त असते. जांभळ्या जातीतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य सालीत असते, आतला गर पांढराच. म्हणून कोवळ्या गड्ड्याची साल जाड काढू नये. भाजी फार उकळून पाणी ओतून दिले, तर क जीवनसत्त्व त्याबरोबर जाते.

गड्डा 5 ते 7 सेंटिमीटरचा झाला की काढावा. पुढे तो राठ होतो. पाला वेगळा केल्यास गड्डा अधिक टिकतो. कोवळ्या पाल्याच्या जुड्या बांधून त्याच दिवशी विकाव्यात आणि डाळ घालून भाजी कशी करावी, हे गिऱ्हाइकाला सांगावे. म्हणजे एकाच पिकाचे दोन माल होतात.

मात्र रोग बरा होतो, असे सांगून माल खपवू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाल्याबाबत डॉक्टरांना विचारावे, कारण त्यात के जीवनसत्त्व भरपूर असते.